खान्देशात पॉप-अप कॅम्पर राहण्याजोगा करताना : नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

गाडीमागे ओढून न्यायचा, मुक्कामी पोहोचल्यावर छत वर उचलून दोन्ही टोकांचे पलंग बाहेर सरकवायचे आणि मधल्या भिंती कापडाच्या, अशा ट्रेलरला पॉप-अप कॅम्पर म्हणतात. हा प्रकार अमेरिकेत रुजला, त्यामुळे त्याची घडण तिथल्या सोयी गृहीत धरून झालेली आहे. झाडांची दाट सावली, मुक्कामाच्या ओट्याशेजारी विजेची जोडणी, नळाचे पाणी आणि खडी टाकून सपाट केलेली जागा, एवढे मिळणारच असे धरून तो बांधला जातो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत यांतले एकही हमखास मिळत नाही. आपल्याकडे मिळते ते मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारे ऊन, पिठासारखी बारीक धूळ, वळिवाचा अचानक सुटणारा वारा आणि पावसाळ्यात चाक गिळणारी काळी माती. म्हणून परदेशी चित्रफितींमध्ये दिसणारे पडदे, रंगरंगोटी आणि दिव्यांच्या माळा बाजूला ठेवून, वापरलेला किंवा फॅब्रिकेटरकडून बांधून घेतलेला कॅम्पर इथे कोणत्या क्रमाने सुधारावा, याचा विचार पुढे केला आहे. हा क्रम शक्यतो बदलू नये, कारण आधीचे काम चुकले तर पुढच्या कामावरचा खर्च वाया जातो.

आधी कागद, वजन आणि चाके

ट्रेलरची नोंदणी, मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या यांबाबत आपल्या आरटीओ कार्यालयात आधीच चौकशी करून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. गादी, पडदे, पंखा, वरून टाकायची सावली अशा सुट्या आणि काढता येणाऱ्या सोयींना सहसा अडचण येत नाही. मात्र चासी कापणे, लांबी-रुंदी वाढवणे किंवा ओढणाऱ्या गाडीला मन मानेल तसा हूक वेल्डिंग करून घेणे, ही कामे विचारल्याशिवाय करू नयेत. ट्रेलर चालू असताना आत माणसे बसवायची नाहीत, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे.

त्यानंतर वजन. खान्देशात जिनिंग आणि केळीच्या मालवाहतुकीमुळे वजनकाटे रस्तोरस्ती आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. ट्रेलर गाडीपासून सोडवून पुढच्या जॅकसह पूर्ण काट्यावर उभा केला की एकूण वजन मिळते. मग फक्त चाके काट्यावर आणि पुढचा जॅक काट्याबाहेर जमिनीवर ठेवून पुन्हा वजन करावे. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे हूकवर येणारा भार होय. हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, म्हणजे ७०० किलोच्या कॅम्परला साधारण ७० ते १०५ किलो. तो यापेक्षा कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो, आणि महामार्गावर मागून मोठा ट्रक ओलांडून गेला की ते डोलणे आवरत नाही. एकूण वजन उत्पादकाने दिलेल्या आणि ओढणाऱ्या गाडीला झेपणाऱ्या मर्यादेत आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे. वजनाची ही पावती जपून ठेवावी, कारण पुढे जे जे आत घालायचे त्याचा हिशेब याच आकड्यावर चालतो. वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलो, घरच्या इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी म्हणजे पन्नास किलोच्या पुढे, आणि जाड प्लायवूडचे कपाट म्हणजे आणखी तेवढेच.

चाकांच्या बाबतीत नवखा माणूस टायरची नक्षी पाहतो आणि वय पाहत नाही. ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उभा असल्याने नक्षी शाबूत राहते, पण रबर उन्हाने तडकते. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात; २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुने टायर दिसायला कितीही चांगले असले तरी बदलावेत. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. बेअरिंगमध्ये ग्रीस कधी भरले याची खात्री नसेल तर ते भरून घेतल्याशिवाय तोरणमाळसारखा घाट चढू नये.

उभा करण्याची जागा आणि काळी माती

मुक्कामाच्या जागेवर सर्वांत आधी जमीन पाहावी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत खुंटी धरत नाही. पावसात तीच माती फुगून मऊ होते आणि रात्रीतून कॅम्परचा एक कोपरा बसतो. कोपरा बसला की छताचे खांब तिरपे होतात, दार अडकते आणि झोपलेल्या माणसाचे डोके पायांपेक्षा खाली जाते. त्यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. सुताराकडून उरलेल्या जाड प्लायचे एक फूट लांब-रुंद असे चार-सहा तुकडे आणून प्रत्येक जॅकखाली घालावेत, म्हणजे भार पसरतो. गवंड्याची लेव्हल बॉटल दारातल्या जमिनीवर आडवी आणि उभी ठेवून समतल साधावे. आधी चाकांखाली फळी घालून डावी-उजवी बाजू जुळवावी, मग दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे चाक घसरू नये म्हणून पाचर, लावावी, त्यानंतरच गाडी सोडवून पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी घ्यावी. कोपऱ्यांचे चार जॅक हे कॅम्पर डुलू नये म्हणून असतात. त्यांनी ट्रेलर उचलण्याचा प्रयत्न केला तर चौकट पिळवटते.

दोऱ्या बांधण्यासाठी तंबूसोबत आलेल्या बारीक खुंट्या इथे कामाच्या नाहीत. बांधकामातली १२ मिमी सळई दीड फूट लांबीची कापून तिचे वरचे टोक वेल्डरकडून वाकवून घेतले की भक्कम खुंटी तयार होते. दोरी आणि खुंटी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा बांधावा. वाऱ्याचा झटका आला की तो ताणला जातो आणि कापडाची रिंग उपटून येत नाही. पंक्चरवाल्याकडे अशा फाटक्या ट्यूब मागितल्या की मिळतात.

सावलीसाठी कडुनिंब, चिंच किंवा आंब्याचे झाड उत्तम, पण वाळक्या फांद्या डोक्यावर नाहीत ना, हे पाहून घ्यावे. बाभळीखाली मात्र उभे राहू नये. काटा टायरला जितका लागतो तितकाच कापडालाही लागतो, आणि तिचा डिंक कॅनव्हासवरून निघता निघत नाही. पाल आणि यावलचे जंगल किंवा पाटणादेवीचा परिसर अभयारण्याच्या हद्दीत येतो, तेव्हा तिथे रात्री थांबायचे तर वनखात्याला विचारूनच थांबावे.

ऊन कापडाच्या बाहेर अडवणे

खान्देशातल्या कॅम्परसाठी करायची सर्वांत मोठी सुधारणा कोणती, असे कोणी विचारले तर मी सावली हेच उत्तर देईन, आणि तीही बाहेरची. पुष्कळ जण आतून चंदेरी शीट चिकटवतात. त्याने थोडा फरक पडतो, पण तोपर्यंत ऊन कापडावर पडून कापड तापलेले असते आणि तापलेले कापड आत उष्णता सोडतच राहते. ऊन कापडाला लागण्याआधी अडवले आणि दोहोंच्या मधून वारा खेळता ठेवला तर ती उष्णता आत येतच नाही. त्यातही खान्देश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. याचा अर्थ भर दुपारी खरा मारा भिंतींवर होत नसून छतावर आणि बाहेर आलेल्या दोन पलंगांच्या वरच्या कापडावर होतो. चारनंतर तो पश्चिमेच्या भिंतीवर सरकतो.

या हिशेबाने काम तीन टप्प्यांत करावे.

पहिला टप्पा कडक छताचा. ते फायबरचे किंवा पत्र्याचे असेल तर घासून, धुऊन, सांध्यांतल्या भेगा सीलंटने बुजवून त्यावर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग द्यावा. घराच्या गच्चीला लावतात तोच रंग पत्र्यावर आणि फायबरवर धरतो की नाही, हे डब्यावर वाचून घ्यावे आणि आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून पाहावे. गडद रंगाचे छत इथे ठेवूच नये.

दुसरा टप्पा पलंगांवरच्या झाकणांचा. यासाठी एका बाजूने चंदेरी असलेली जाड ताडपत्री घ्यावी. पलंग पूर्ण बाहेर काढून, कापड ताणलेले असताना, एका बाजूच्या चौकटीपासून वरच्या कमानीवरून दुसऱ्या बाजूच्या चौकटीपर्यंत टेपने माप घ्यावे आणि दोन्हीकडे सहा इंच जास्त धरावे. माप बंद कॅम्परवर किंवा अंदाजाने घेतले तर झाकण हमखास आखूड पडते. ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. कडा दुहेरी दुमडून आत दोरी घालून शिवावी. सुती दोऱ्याऐवजी पॉलिएस्टरचा जाड दोरा वापरावा, कारण सुती दोरा उन्हापावसात आधी कुजतो. आणि दर दीड फुटावर पितळी रिंग ठोकावी, लोखंडी नको, कारण गंजाचा डाग कॅनव्हासवर उतरतो. चंदेरी बाजू आकाशाकडे ठेवून झाकण कमानीवरून टाकावे आणि रबरी दोरीच्या हुकांनी पलंगाच्या चौकटीला खालून अडकवावे. खिडकीची जाळी उघडी राहील एवढीच त्याची लांबी ठेवावी. झाकण थेट खाली ओढून खिडकी बंद केली तर सावली मिळते आणि वारा जातो.

तिसरा टप्पा संपूर्ण कॅम्परवर टाकायच्या जाळीचा. रोपवाटिकांत आणि केळीच्या रोपांवर वापरतात ती ७५ टक्के सावलीची हिरवी शेडनेट जळगाव-रावेर पट्ट्यात कृषी साहित्याच्या दुकानांत मीटरवर मिळते. इथे ताडपत्रीपेक्षा जाळीच का, याला कारण आहे. उन्हाळ्यात आपल्याकडचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो आणि संध्याकाळचे ऊनही त्याच बाजूने येते. ताडपत्री लावली तर दोन्ही बंद होतात. जाळी ऊन बरेचसे अडवते आणि वाऱ्याला वाट देते. शिवाय वळिवाच्या वाऱ्यात ताडपत्री शिडासारखी फुगून खांब वाकवते, जाळीतून मात्र वारा पुष्कळसा निघून जातो. छतावर आडवे तीन पीव्हीसी पाइप टाकावेत, त्यांच्याखाली सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचे जाड फोमचे ठोकळे बांधावेत, आणि त्यावरून जाळी टाकून दोन्ही बाजूंना खुंट्यांपर्यंत तिरपी ताणावी. हे १५ सेंटिमीटरचे अंतर वाचवण्याचा मोह टाळावा, कारण जाळी कापडाला टेकली की तीही तापून उष्णता खाली देऊ लागते. पश्चिमेकडची बाजू जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत खाली आणावी, पूर्वेची उंच ठेवावी. आभाळ भरून आले आणि गारांची शक्यता दिसली तर जाळी न काढता सैल करून ठेवावी. तेवढ्यानेही कापडावरचा मार हलका होतो.

वारा, कूलर आणि वीज

सावली झाल्यावरच पंख्याचा विचार करावा. बारा व्होल्टवर चालणारा डीसी पंखा २५ ते ३० वॉट घेतो, म्हणजे साधारण अडीच अँपिअर. रात्रभराचे आठ तास धरले तर २० अँपिअर-तास झाले. तीन एलईडी दिवे चार तास आणि दोन-तीन मोबाइल मिळून आणखी १० धरावेत. अशा ३० अँपिअर-तासांच्या गरजेला १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन रात्री सहज पुरते आणि तिचे वजन बारा-तेरा किलोच्या आसपास असते. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढली तर ती लवकर मरते, आणि तिचे वजनही कितीतरी अधिक असते. स्वस्ताईच्या नादात घरची जुनी बॅटरी कॅम्परमध्ये बसवणे मला म्हणूनच पटत नाही.

सौर पॅनेल १०० वॉटचे पुरते. पाच तासांचे चांगले ऊन आणि वाटेतली घट धरून त्यातून दिवसाला साडेतीनशे वॉट-तास, म्हणजे वरच्या गरजेच्या जवळपास तेवढीच वीज मिळते. मात्र पॅनेलच्या पेशी २५ अंशांच्या वर तापल्या की दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. आपल्या उन्हाळ्यात त्या ६५ अंशांपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे नेमक्या कडक उन्हात चौदा ते सोळा टक्के वीज कमी होते. पॅनेल छताला चिकटवण्यापेक्षा लांब वायरीसह सुटे ठेवून बाहेर उन्हात तिरपे उभे करावे. खालून हवा लागते, कॅम्पर सावलीत ठेवता येतो आणि छत उचलणाऱ्या तारांवर वजनही पडत नाही. बारा व्होल्टला वायर घरच्यापेक्षा जाड लागते. पंख्यासाठी २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर घ्यावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा. फ्यूजशिवाय जोडलेली बॅटरी कापडाच्या खोलीत ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. अमेरिकेतून आलेली उपकरणे १२० व्होल्टची असतात, ती आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नयेत.

एसीचा विचार अनेकांच्या मनात येतो. एक टनाचा एसी हजार वॉटच्या घरात वीज घेतो, म्हणजे वरची बॅटरी तासाभरात रिकामी होईल, आणि कापडाच्या भिंती गारवा धरूनही ठेवणार नाहीत. खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची गरजही नाही, कारण इथे कूलर उत्तम चालतो. शेतातल्या घरांत वापरतात तो बारा व्होल्टचा लहान कूलर घ्यावा. तो आत न ठेवता बाहेर स्टुलावर, जाळीच्या सावलीत, खिडकीला तोंड लावून ठेवावा आणि समोरच्या बाजूची खिडकी अर्धी उघडी ठेवावी. हवा बाहेर जायला वाट नसेल तर थोड्याच वेळात आत दमट होते, चादरी चिकट लागतात आणि दोष कूलरला दिला जातो. वाळ्याच्या टट्ट्या लावल्या तर वासही छान येतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असल्याने टट्ट्यांवर पांढरा थर चढतो. मुक्काम हलवताना टाकीतले उरलेले पाणी ओतून द्यावे. जून उलटून हवा दमट झाली की कूलर घरी ठेवावा आणि नुसता पंखा न्यावा.

बिछाना

मूळ गादी बहुधा दोन-तीन इंचांची आणि बसलेली असते. चार इंचांचा, ४० डेन्सिटीचा फोम घ्यावा, पण त्याआधी कॅम्पर मिटवून पलंगाची फळी आणि छत यांत किती जागा उरते ते मोजावे. जाड गादीमुळे छत पूर्ण बसले नाही आणि कड्या जबरदस्तीने ओढून लावल्या, तर पुढच्या खेपेला खांब वाकलेले मिळतात. कापसाची गादी मला स्वतःला प्रिय असली तरी इथे नको. ती जड असते आणि ओल धरते.

गादीखाली हवा खेळावी म्हणून भोकांची प्लास्टिक मॅट किंवा काथ्याची चटई घालावी. सकाळी गादी उचलून पाहिली तर फळीवर दव दिसते. ते तसेच दाबून कॅम्पर मिटवला तर आठवड्याभरात बुरशीचे काळे ठिपके येतात. प्रत्येक पलंग किती वजन पेलतो हे उत्पादकाने किंवा फॅब्रिकेटरने सांगितलेले असते. ते माहीत करून घ्यावे आणि पलंगाखालचे तिरके टेकू लावल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये, मुले उड्या मारतात म्हणून तर नाहीच नाही.

कापड, पाऊस, धूळ

कापड सुती कॅनव्हासचे आहे की प्लास्टिकचा थर दिलेले, हे आधी ओळखावे, कारण दोहोंची निगा वेगळी असते. नव्या सुती कॅनव्हासच्या शिवणींतून पहिल्या पावसात पाणी झिरपते. घरीच पाइपाने तो पूर्ण भिजवून उघड्यावर वाळवावा आणि हे दोन-तीनदा करावे, म्हणजे सूत फुगून शिवणीची छिद्रे आवळली जातात. त्यानंतरही जिथून पाणी येते तिथे एकाने बाहेरून पाणी मारावे आणि दुसऱ्याने आतून खडूने खूण करावी. वाळल्यावर त्या खुणांवर शिवणीचे सीलंट ब्रशने दोन हात लावावे. सिलिकॉनचा फवारा सुती कापडावर चालतो. प्लास्टिकचा थर असलेल्या कापडावर तो नीट धरत नाही, तिथे त्या कापडासाठीचेच द्रावण घ्यावे. पाऊस चालू असताना सुती कापडाला आतून हात, पिशवी किंवा उशी टेकू देऊ नये, कारण टेकल्या जागेवरून थेंब सुरू होतात. बुरशीवर पाणी घातलेले व्हिनेगर आणि मऊ ब्रश वापरावा, ब्लीच कधीही नाही; त्याने डाग जातो आणि दोराही कुजतो.

धुळीची मुख्य वाट म्हणजे पलंग आणि पेटी, म्हणजे कॅम्परचा मधला कडक भाग, यांच्यातली फट आणि दाराचा खालचा काठ. रात्री सर्व बंद करून आत टॉर्च लावावा आणि बाहेरून उजेड कुठे दिसतो ते पाहावे. तिथे रबरी बीडिंग चिकटवावी. चाकांवरचे लोखंडी खोके आतून तपासावे, कारण त्यांच्या सांध्यांतून प्रवासात सर्वाधिक धूळ येते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मुक्काम करायचा असेल तर हे काम आधीच उरकावे, नाहीतर सकाळी चहात माती मिळते. चेनमध्ये धूळ बसून ती अडली तर ओढाताण करू नये. दात घासण्याच्या जुन्या ब्रशने दाते साफ करून त्यावर मेणबत्ती फिरवली की ती पुन्हा सरकते. तेल लावू नये, त्याला धूळ आणखी चिकटते. खिडक्यांना डासांची बारीक जाळी बसवताना वेल्क्रो शिवून घ्यावा. गोंदाने चिकटवलेला वेल्क्रो आपल्या उन्हात गळून पडतो.

आतली जमीन बदलायची तर १.५ मिमीची व्हिनाइल शीट पुरेशी आहे. कपाटांसाठी पीव्हीसी बोर्ड वापरावा, तो हलका असतो आणि त्याला वाळवी लागत नाही. जिथे भार येतो तिथे मात्र आयएस ७१० छापाचे मरीन प्लायच घ्यावे.

चूल आणि पाणी

स्वयंपाक बाहेरच करावा. कळण्याची भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत यांचा धूर व वाफ कापडाच्या खोलीत मावत नाही, आणि तेलाचा वास कॅनव्हासमध्ये कायमचा बसतो. कॅम्परच्या बाहेरच्या अंगाला ॲल्युमिनियमची पट्टी बसवून तिच्यात अडकणारे, एका बाजूला पाय असलेले घडीचे टेबल करून घ्यावे. भाकरी थापायला उंची नीट मिळते. सिलिंडर ५ किलोचा, बाहेर, उभा आणि सावलीत ठेवावा. जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे प्रत्येक मुक्कामी पाहावे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास तळाशी साचतो, म्हणून पेटीच्या तळाजवळचे झरोके धूळ येते म्हणून बुजवू नयेत. त्यांना जाळी लावावी. सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलावी.

पिण्याचे पाणी जारमध्ये ठेवले तर दुपारपर्यंत ते अंघोळीजोगे गरम होते. जारला ओले गोणपाट गुंडाळून वाऱ्याला ठेवावे, किंवा पूर्वी ट्रॅक्टर आणि ट्रकला लटकवत तशी कॅनव्हासची छागल दाराबाहेर टांगावी. बेसिन बसवण्यापेक्षा मला एक घमेले आणि नळ लावलेला जार पुरेसा वाटतो. पंप, नळ्या आणि सांडपाण्याची टाकी हे सगळे नंतर बघता येते.

थंडी

डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळला, हजाराहून अधिक मीटर उंचीवर, कापडाचा कॅम्पर चांगलाच गारठतो. थंडी बहुतेक खालून येते, कारण बाहेर काढलेल्या पलंगाच्या फळीखाली मोकळी हवा असते. गोदामांच्या पत्र्याखाली लावतात ती चंदेरी बबल शीट पलंगाच्या मापाने कापून चटईखाली घालावी, वरून गोधडी घ्यावी आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या चार बोटे उघड्या ठेवाव्यात. कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल ऊब मिळावी म्हणून आत कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला त्याची चाहूलही लागत नाही.

मिटवणे आणि ठेवणे

ओले कापड नाइलाजाने मिटवावे लागले तर घरी पोहोचल्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून वाळवावे. छत उचलण्याच्या तारेचे धागे सुटलेले दिसले तर ती बदलल्याशिवाय छत वर घेऊ नये. आत शिरून दुरुस्ती करताना खांबांना आडवा टेकू लावावा, केवळ तारेवर विसंबू नये. पावसाळ्यात कॅम्पर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचा असेल तर बाजूने प्लास्टिक गुंडाळू नये, आत घाम सुटतो. चाकांखाली फळ्या घालाव्यात, गाद्या काढून घरात उभ्या ठेवाव्यात, बॅटरी सोडवून निम्म्याच्या थोडी वर चार्ज करून ठेवावी. उंदीर शेतातल्या शेडमध्ये असणारच. वायरी शिरतात ती भोके तारेच्या काथ्याने बुजवावीत आणि बिस्किटाचा चुराही आत राहू देऊ नये. श्रावणात उघडीप मिळाली की कॅम्पर दिवसभर पूर्ण उघडा ठेवावा, चेनवर मेणबत्ती फिरवावी आणि दुपारी उन्हे उतरायच्या आत, कापडात ओल नाही हे हात लावून पाहून, पुन्हा मिटवावा.